आपोआप कांहीं थांबत नाहीं : मुलांकरितां जडत्वाचा पाठ

ज्या गांवच्या शाळेंत यंत्रें नाहींत व प्रयोगाची खोली नाहीं, तेथें सृष्टिशास्त्र शिकवितां येत नाहीं, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. आम्हांस ती खरी वाटत नाहीं. वर्धा शहरांतच १९३७ सालच्या आक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली होती. मुलाचें शिक्षण त्याच्या हातांतील उद्योगाच्या द्वारें व्हावें, असा विचार तींत मान्य झाला. पुढें डॉक्टर झाकीर हुसेन ह्यांच्या समितीनें त्याची योजना आंखली, व ती 'वर्धा योजना' ह्या नांवानें देशभर प्रसिद्ध झाली. त्या योजनेविषयीं मतभेद पुष्कळ झाले. परंतु तींतील एक गोष्ट कोणीहि शहाणा शिक्षक नाकारणार नाहीं. ती ही कीं, मुलाच्या रोजच्या पाहण्यांतली वस्तु हेंच त्याचें पहिलें पुस्तक होय.

त्याच रीतीनें आज आम्ही जडत्वाचा पाठ देत आहों. ह्यास लागणारें साहित्य म्हणजे एक बंडी, चाकांवरचा लाकडी बैल, एक लिंबू, एक गोटी व एक गोफण. ह्यांस पैसा पडत नाहीं. शिक्षकानें किंवा घरच्या वडील माणसानें प्रत्येक प्रयोग आधीं स्वतः करून पाहावा, मग मुलांकडून करवावा, आणि नियम सांगण्याची घाई करूं नये. मुलांनीं पाहिलें, बोलून दाखविलें, म्हणजे नियम त्यांच्याच तोंडून निघतो. ही केवळ करमणूक आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ह्या पाठांत मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, तो कसा हें शेवटीं दिसून येईल.

१. बैल जोर कां लावितात?

मुलांनो, कापूस भरलेली बंडी निघतांना तुम्हीं पाहिली आहे. धुरकरी हांक देतो, बैल माना खालीं घालून जू ओढतात, पाय मातींत रोंवतात. कधीं कधीं घरचीं माणसें चाकांच्या आऱ्यांस हात लावितात, तेव्हां कोठें चाक हलतें. परंतु एकदां बंडी सडकेस लागली म्हणजे तेच बैल सावकाश चालतात आणि धुरकरी निवांत बसतो. कापूस तेवढाच, बैल तेच. मग निघतांना एवढा जोर कां, व पुढें इतका थोडा कां?

कोणी म्हणेल, 'शेतांतली माती भुसभुशीत असते आणि सडक कठीण असते.' हें उत्तर अर्धें खरें आहे, व त्याचा विचार आपण पुढें करूं. पण भरली बंडी सडकेवरच उभी करून पुन्हां हांका. तेथेंहि पहिल्या पावलांस बैलांना जोर अधिक लावावा लागतो. ह्याचें कारण असें कीं, उभी असलेली वस्तु उभीच राहते. कोणीं तरी तिला ओढल्यावांचून किंवा ढकलल्यावांचून ती निघत नाहीं. आणि जितकी ती भारी, तितकें तिला चालती करणें कठीण.

आतां ह्याच बंडीची दुसरी बाजू पाहा. ती उतारास लागली म्हणजे बैल ओढीत नाहींत; उलट बंडीच बैलांना मागून रेटते. जू त्यांच्या मानांवर पुढें सरकतें, बैल पाय रोंवून तिला आवरूं पाहतात, व शहाणा धुरकरी खालीं उतरून त्यांच्यापुढें चालतो किंवा मागून दोर धरवितो. उतार संपून सपाट वाट लागली तरी बंडी लगेच उभी राहत नाहीं. जी बंडी निघतांना निघेना, तीच आतां थांबतां थांबेना!

हे दोन स्वभाव दिसावयास उलट आहेत, पण वस्तुतः एकच आहेत. वस्तु ज्या स्थितींत असते त्या स्थितींतच राहते. उभी असली तर उभी. चालत असली तर त्याच वेगानें व त्याच दिशेनें चालत. ह्या स्वभावास जडत्व म्हणतात. येथें एक सावधगिरी ठेवावी. बंडीस किंवा दगडास मन नाहीं, इच्छा नाहीं, आळसहि नाहीं. 'ती थांबावयास नाखूष असते' असें आपण बोलतों, तें बोलण्याची रीत म्हणून. खरें सांगावयाचें तर तिला स्वतः कांहींच करतां येत नाहीं. म्हणूनच तिला जड म्हटलें आहे.

२. लाकडी बैलाची परीक्षा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या विदर्भांत तान्हा पोळा भरतो, आणि लहान मुलें आपापले चाकांवरचे लाकडी बैल दोरीनें ओढीत आणतात. वर्धा जिल्ह्यांत सिंदी रेल्वे ह्या गांवचा तान्हा पोळा फार प्रसिद्ध आहे; तेथें लहान खेळण्यांबरोबर मोठमोठे लाकडी नंदीहि चाकांवर आणितात. असा एक लहानसा बैल घ्या. त्याच्या पाठीवर सपाट फळीचा तुकडा बांधा, व फळीवर एक लिंबू ठेवा. आतां तीन गोष्टी करा.

पहिली : दोरी अगदीं हळू ओढा. बैल चालूं लागेल, आणि लिंबू त्याच्या पाठीवर त्याच्याबरोबर जाईल. लिंबाला त्याच्याबरोबर कोणीं नेलें? फळी व लिंबू ह्यांच्या स्पर्शानें. फळीनें त्याला अल्पसा रेटा दिला, व हळू चालीला तेवढा पुरला.

दुसरी : दोरीस एकदम हिसका द्या. बैल पुढें जाईल, आणि लिंबू मागें पडेल. तुम्ही म्हणाल, लिंबू मागें उडालें. नीट पाहा. लिंबू जवळ जवळ होतें तेथेंच राहिलें. बैल त्याच्या खालून निघून गेला.

तिसरी : लिंबू पुन्हां ठेवून बैल हळू चालवा, मग थोडा वेग द्या, आणि मध्येंच हातानें बैल एकाएकीं धरा. ह्या वेळीं लिंबू पुढें घरंगळेल. बैल थांबला, पण लिंबाला कोणीं थांबविलें नाहीं, म्हणून तें आपल्या वाटेनें पुढें गेलें.

एस. टी. मोटारींत उभे असतां तुम्हीं हें स्वतःच्या अंगावर अनुभविलें आहे. मोटार सुटतांना आपण मागें झुकतों, थांबतांना पुढें झुकतों. तेथें फळी म्हणजे मोटार, आणि लिंबू म्हणजे आपण.

घरांतहि ह्या स्वभावाचा उपयोग आपल्या आयाबाया, बापभाऊ रोज करितात. कुऱ्हाड दांड्यांत सैल झाली म्हणजे ती उभी धरून दांड्याचें खालचें टोंक दगडावर आपटतात. दांडा दगडावर अडून थांबतो. पण कुऱ्हाडीचें लोखंड खालीं येत असतें, तें तसेंच येत राहून दांड्यावर घट्ट बसतें. घोंगडी झटकली म्हणजे घोंगडी हातासरशी पुढें जाते, व धूळ मागें राहते. बोरीची फांदी जोरानें हलविली म्हणजे फांदी जाते येते, बोरें मागें राहतात, देंठ तुटतात, आणि बोरें खालीं पडतात. ह्यांतील कोणासहि जडत्व हा शब्द ठाऊक नसेल; पण काम त्यांनीं बिनचूक केलें आहे. शब्द मागून शिकावा, त्यानें ज्ञान व्यवस्थित होतें.

३. गोटी कोठवर जाते?

आतां चलाख मुलगा विचारील, 'चालती वस्तु चालतच राहते असें तुम्ही म्हणतां. मग माझी गोटी थोडी पुढें जाऊन थांबते ती कां? बैल सोडले तर बंडीहि थांबते.' हा प्रश्न फार चांगला आहे. मोठमोठे विद्वान् सुमारें दोन हजार वर्षें ह्याच प्रश्नापाशीं अडले होते. ग्रीक देशच्या आरिस्तोतलापासून लोक असें मानीत आले कीं, चालत्या वस्तूस सतत कोणीं तरी ढकललें पाहिजे, नाहीं तर ती आपोआप थांबते.

ह्याचें उत्तर गोटीसच विचारूं. एक काचेची गोटी घ्या, आणि एक लहान फळी विटेवर टेंकून तिचा उतार करा. दर वेळीं गोटी फळीच्या एकाच खुणेपासून सोडा, म्हणजे ती खालीं येतांना तिचा वेग सारखाच राहील. पहिल्यानें फळीखालीं वाळू पसरा; गोटी हातभर जाऊन रुतेल. मग वाळू काढून चोपलेलें अंगण ठेवा. ती पुष्कळ पुढें जाईल. मग तीच फळी शाळेच्या गुळगुळीत फरशीवर मांडा. गोटी भिंतीपर्यंत जाऊन परत येईल. गोटी तीच, वेग तोच, फक्त खालची जागा बदलली. तर मग गोटी आपोआप थांबत होती काय? नाहीं. वाळू तिला थांबवीत होती, माती तिला थांबवीत होती, फरशीहि थोडी थोडी थांबवीत होती.

दोन वस्तु एकमेकींस घासल्यानें जो अडथळा होतो त्यास घर्षण म्हणतात. सुरुवातीस आपण शेतांतल्या मातीची गोष्ट बाजूस ठेविली होती, ती येथें उपयोगी पडते. पावसाळ्यांत आपल्या काळ्या मातींत बंडीचें चाक रुततें, तेव्हां बैलांना बंडी नुसती चालू करून भागत नाहीं. पावलोपावलीं त्या अडथळ्याशीं झगडावें लागतें. सडकेवर अडथळा थोडा, म्हणून तिला चालती ठेवण्यास थोडा जोर पुरतो. बंडीच्या आंसास वंगण घालतात तें ह्याच कारणासाठीं.

इटली देशांत गॅलिलिओ नांवाचा शास्त्रज्ञ १५६४ पासून १६४२ पर्यंत होऊन गेला. त्यानेंहि उतारांवरून गोळे सोडून पाहिले, आणि असा विचार केला कीं, अडथळा जसजसा कमी करावा तसतशी वस्तु अधिक दूर जाते. मग अडथळा मुळींच नसेल तर ती कधींहि थांबणार नाहीं. पुढें इंग्लंडांत आयझॅक न्यूटन ह्यानें १६८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हाच गतीचा पहिला नियम म्हणून मांडला.

गॅलिलिओस अडथळा नसलेली जागा मनांत कल्पावी लागली. आपल्या काळीं ती प्रत्यक्ष पाहावयास मिळाली आहे. व्हॉयेजर-१ नांवाचें यान अमेरिकेनें १९७७ सालीं आकाशांत सोडलें. त्याला ढकलणारें यंत्र केव्हांच मागें राहिलें आहे, तरी तें दर सेकंदास सुमारें १७ किलोमीटर ह्या वेगानें सूर्यापासून दूर चाललें आहे. सूर्याच्या ओढीनें त्याचा वेग अगदीं थोडा थोडा घटतो, एवढेंच. तेथें वाळू नाहीं, माती नाहीं, वाराहि नाहीं.

४. बल म्हणजे काय?

वस्तूची स्थिति जें बदलतें त्यास शाळेच्या पुस्तकांत बल म्हणतात. बैलांची ओढ हें बल, हाताचा धक्का हें बल, घर्षण हें बल, आणि झाडावरून आंबा खालीं आणणारी पृथ्वीची ओढ हेंहि बल. बल तीन कामें करितें : उभ्या वस्तूस चालवितें, चालत्या वस्तूचा वेग वाढवितें किंवा कमी करितें, आणि तिची दिशा बदलतें. वस्तूच्या चालीत ह्यांपैकीं कोणताहि बदल दिसला तर समजावें कीं, कोठें तरी बल लागलें आहे. आणि बदल दिसत नसेल तर एक तर बल नाहीं, नाहीं तर दोन बाजूंचीं बलें एकमेकांस पुरून उरलीं आहेत. जसें रस्सी ओढण्याच्या खेळांत दोन्ही पक्ष सारखे असले म्हणजे रस्सी हलत नाहीं.

एकाच बलानें सर्व वस्तूंत सारखा बदल होत नाहीं. रिकामी बंडी एक बैलजोडी झटकन् चालविते. तीच जोडी भरल्या बंडीस सावकाश वेग देते. वस्तूंत जें द्रव्य भरलें आहे त्याच्या मापास वस्तुमान म्हणतात. वस्तुमान दुप्पट असेल तर तेवढ्याच बलानें वेगांत अर्धाच बदल होतो. १ किलोग्रॅम वस्तुमानाच्या वस्तूचा वेग एका सेकंदांत दर सेकंदास १ मीटर इतका वाढवील, तेवढ्या बलास न्यूटनच्याच नांवावरून १ न्यूटन म्हणतात. तें केवढें, हें समजण्यास सुमारें १०० ग्रॅमचा पेरू तळहातावर घ्या. तो जितका दाबतो तितकें तें बल, जवळ जवळ १ न्यूटन.

ह्याचें उत्तम उदाहरण खळ्यावर दिसतें. शेतकरी उंचावर उभा राहून टोपल्यांतून तूर किंवा गहूं सोडतो, व वारा वाहत असतो. वाऱ्याचा रेटा दाण्यासहि लागतो आणि कुटारासहि लागतो. पण कुटार हलकें, त्याची वाट वारा लागलीच बदलतो, व तें दूर जाऊन पडतें. दाण्याचें वस्तुमान त्या मानानें मोठें, म्हणून तो थोडासा बाजूस सरून जवळ जवळ सरळ खालीं येतो. एका वाऱ्यानें दोन राशी निराळ्या होतात, ह्याचें कारण हें.

५. गोफण, चाक आणि वळण

ज्वारीच्या राखणीस बसलेला मुलगा गोफण फिरवितो. दगड डोक्याभोंवतीं वाटोळा फिरतो. एक दोर सुटतो, आणि दगड वाटोळा न जातां सरळ रेषेनें सुटतो. मग आधीं तो वाटोळा कां फिरत होता? गोफणीचा दोर त्याला क्षणोक्षणीं हाताकडे ओढीत होता. ओढ संपली, वळणें संपलें. दिशा बदलण्यासहि बल लागतें, तें येथें दिसतें. (हा प्रयोग मोकळ्या रानांत करावा, आणि दगडाऐवजीं ओल्या चिखलाची गोळी घ्यावी. जवळ माणूस किंवा जनावर असतां करूं नये.)

कुंभाराचें चाक जड असतें, आणि त्याचा भार कांठाकडे अधिक असतो. कुंभार दांडक्यानें त्याला वेग देऊन दांडकें बाजूस ठेवितो, व चाक फिरत असतां गाडगें घडवितो. चाकास एकदां मिळालेली गति त्याच्या जडत्वानें टिकते. हलकें चाक असतें तर मातीस हात लावतांच तें थांबलें असतें. चरख्याचीहि हीच गोष्ट. सूत कांतणारीचा हात क्षणभर ढिला झाला तरी चाक फिरत राहतें, आणि सुताचा पीळ तुटत नाहीं. वर्ध्यास मगनवाडींत १९३८ सालीं उघडलेल्या मगन संग्रहालयांत चरख्यांचे अनेक प्रकार ठेविले आहेत. शाळेची सहल तिकडे गेली तर शिक्षकांनीं हा भाग तेथें शिकवावा.

आतां एक गोष्ट वडील माणसांनींहि ऐकण्यासारखी आहे. कांहीं सडकांवर एखादें वळण असें असतें कीं, तेथें गाड्या पुन्हां पुन्हां उलटतात. मग लोक म्हणतात, तेथें बाधा आहे. कोणी नारळ फोडतो, कोणी लिंबें बांधतो. परंतु त्या वळणावर जें आहे तें जडत्व आहे. गाडी सरळ चाललेली असते, व ती सरळच जाणार. तिला वळविणारें बल चाकांस सडकेच्या पकडीनें मिळतें. सडकेवर वाळू किंवा ओल असली तर ती पकड सुटते. भार उंच रचलेला असला तर खालून चाकें वळतात, पण वरचा भार सरळ जाऊं पाहतो, आणि गाडी कलंडते. शिवाय वेग दुप्पट केला तर तेंच वळण घेण्यास चौपट बल लागतें. म्हणून त्या जागीं लिंबू बांधण्यापेक्षां वेग कमी करावा, भार खालीं रचावा, आणि सडकेवरची वाळू झाडून घ्यावी. ज्या संकटाचें कारण कळलें तें टाळण्याचा मार्गहि कळला.

६. थांबावयास जागा लागते

आतां ज्यासाठीं हा पाठ लिहिला त्या भागाकडे वळूं. चालती वस्तु थांबविण्यास बल लागतें, व तें बल लागू होण्यास वेळ आणि जागा लागते. जितकें वस्तुमान मोठें व जितका वेग अधिक, तितकी जागा अधिक.

आपल्या जिल्ह्यांतून मुंबई-नागपूर आगगाडीचा जुना रस्ता जातो. आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. सेवाग्रामाहून दुसरा रस्ता हिंगणघाटावरून बल्लारशाकडे गेला आहे, व त्यावरून कोळशानें भरलेल्या लांबच लांब मालगाड्या येतात. अशा गाडीचें वस्तुमान कित्येक हजार टन असतें. रुळांवर घर्षण थोडें. तें गाडी ओढण्यास सोयीचें, पण थांबविण्यास गैरसोयीचें. वेगांत असलेल्या भरल्या मालगाडीस थांबावयास पुष्कळदां एक किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर लागतें. फाटकाखालून वांकून जाणारा माणूस मनांत म्हणतो, 'ड्रायव्हर मला पाहील आणि गाडी थांबवील.' ड्रायव्हर पाहील, ब्रेकहि लावील; पण त्याची इच्छा कितीहि चांगली असली तरी हजारों टनांचें जडत्व तिच्या आज्ञेंत नाहीं.

नागपुराहून निघून वर्धा जिल्ह्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग शिर्डीपर्यंत २०२२ सालच्या डिसेंबर महिन्यांत खुला झाला, आणि २०२५ च्या जून महिन्यांत मुंबईच्या बाजूचा शेवटचा भाग खुला झाला. त्यावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे. आतां हिशेब करा. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. समोर कांहीं दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर १७ मीटर तेथेंच गेले, नंतर कोरड्या चांगल्या सडकेवर ब्रेकनें थांबण्यास सुमारें २० मीटर लागतील, एकूण ३७. ताशीं १२० किलोमीटर वेग असेल तर पहिल्या सेकंदांत ३३ मीटर, आणि ब्रेकनें थांबण्यास ४० नव्हे, तर सुमारें ८० मीटर, एकूण ११३. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकचें अंतर चौपट होतें. पाऊस पडला असेल तर त्याहूनहि अधिक.

गाडी थांबली तरी आंतील माणूस थांबत नाहीं, हें लाकडी बैलानें आपणांस शिकविलें आहे. मुलास मांडीवर घेऊन पुढें बसलेली आई म्हणते, 'मी त्याला घट्ट धरीन.' तिच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. हिशेब मात्र पाहावा. मूल १० किलोग्रॅमचें, मोटारीचा वेग ताशीं ४० किलोमीटर, आणि धडकेनें मोटार सेकंदाच्या दहाव्या भागांत थांबली, असें धरूं. मुलास तिच्याबरोबर थांबविण्यास सुमारें १,१०० न्यूटन बल लागेल. म्हणजे एक क्विंटलाहून अधिक वजन उचलून धरण्याइतकें, तेंहि क्षणाच्या आंत व आगाऊ सूचना नसतां. एवढें बळ कोणत्या आईच्या हातांत आहे? मोटारींतील पट्टा हेंच काम करितो. तो शरीरास मोटारीबरोबर थांबवितो, व बल छातीवर आणि कमरेवर पसरून देतो. फटफटीवर डोक्यास घालण्याचें शिरस्त्राणहि तसेंच; त्याच्या आंतला मऊ थर दबतो, म्हणून डोकें थांबण्यास थोडा अधिक वेळ मिळतो, आणि वेळ वाढला म्हणजे बल कमी होतें. उंचावरून उडी मारतांना आपण गुडघे वांकवितों तें ह्याच न्यायानें.

चंद्रावर उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ ह्यासहि हा नियम सुटला नाहीं. २०२३ सालच्या आगस्ट महिन्याच्या २३ तारखेस तें उतरलें. चंद्रावर हवा नाहीं, म्हणून छत्रीनें वेग कमी करतां येत नव्हता. यंत्रें उलट दिशेस पेटवून वेग आवरावा लागला. चंद्रावर असो कीं वर्ध्याच्या सडकेवर असो, थांबविणारें बल आणल्यावांचून कोणी थांबत नाहीं.

म्हणून मुलांनो, पुढील गोष्टी लक्षांत ठेवा. चालत्या बंडीच्या मागें लोंबकळूं नका व तिच्यापुढें धांवूं नका. आगगाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय उतरूं नका. तुमचे पाय फलाटावर थांबतात, पण शरीर गाडीच्या वेगानें पुढें जातें, आणि तोंडघशीं पडणें होतें. फाटक बंद असतां रूळ ओलांडूं नका. येणारी मोटार दूर दिसत असली तरी तिच्या वेगाचा विचार केल्यावांचून सडकेवर पाऊल टाकूं नका. आणि कापूस वेंचून ट्रॉलीवर बसून घरीं येणाऱ्या वडील माणसांस सांगा कीं, उंच रचलेल्या भारावर बसणारा माणूस फळीवरच्या लिंबासारखा आहे.

प्रश्न

१. जडत्व म्हणजे काय? उभ्या वस्तूचें एक व चालत्या वस्तूचें एक उदाहरण द्या.
२. लाकडी बैलास हिसका दिल्यावर लिंबू मागें उडतें कीं जागींच राहतें? करून पाहून सांगा.
३. वाळू, अंगण व फरशी ह्यांवर गोटी किती किती पुढें गेली, तें पावलांनीं मोजून लिहा.
४. बल वस्तूच्या गतींत कोणते तीन बदल करितें?
५. दाणे व कुटार एकाच वाऱ्यानें निराळे कां होतात?
६. गोफणीचा दोर सुटल्यावर दगड कोणत्या दिशेनें जातो, व कां?
७. वेग ताशीं ३० किलोमीटरवरून ६० केला, तर ब्रेकनें थांबण्याचें अंतर किती पट होईल?
८. तुमच्या गांवाजवळ गाड्या उलटतात असें वळण आहे काय? असल्यास वडील माणसासह जाऊन पाहा, आणि तेथें वाळू, उतार, अरुंदपणा ह्यांपैकीं काय आहे तें लिहून ग्रामपंचायतीस कळवा.

शिक्षकांस आमची विनंति इतकीच कीं, शेवटचा प्रश्न मुलांकडून अवश्य सोडवून घ्यावा. बाकीच्या सातांचीं उत्तरें मुलांच्या वहींत राहतील. ह्या एकाच्या उत्तरानें कदाचित् गांवांतील एखाद्याचा प्राण वांचेल.